किर्दीवरून खतावणी

सोलापूर, बुधवार रात्र

मामांच्या चादरींच्या गोदामाचा गेल्या महिन्याचा माल पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लावायला घेतला. एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल), १,१४० ओळी. कारखाना, डिझाइन, माप, नग. पूर्व भागातल्या यंत्रमागांवरून माल जसा टेम्पोतून उतरला, तशा एकाखाली एक नोंदी. डिक्शनरी म्हणजे एकेका नावाखाली ('की') त्याची माहिती ('व्हॅल्यू') ठेवायची मांडणी. मला डिक्शनरीत डिक्शनरी हवी होती: बाहेर कारखाना, आत डिझाइन, त्याच्या आत माप आणि तळाशी नग.

एकेक ओळ घेत जाणारा लूप चालला, एकही एरर नाही. बेरीज मात्र शीटपेक्षा कितीतरी कमी. तासभर डोकं धरून बसले. शेवटी एकच कारखाना, मोराची चादर, ६० बाय ९० एवढंच गाळून पाहिलं. शीटमध्ये तीन ओळी: ४०, २५, ६०. डिक्शनरीत फक्त ६०. 'की' तीच असली, तर नवी व्हॅल्यू जुनीच्या जागी बसते आणि पायथन हूं की चूं करत नाही.

मग आधीच्या आकड्यात मिळवायला सांगितलं, तर उत्तर आलं ४०२५६०! सीएसव्हीतून आकडा अक्षरं म्हणून येतो, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे शेजारी शेजारी चिकटवणं. इंट (अक्षरांचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावल्यावर १२५ आले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मामांना दाखवलं. म्हणाले, "अगं, ही कीर्द आन् ही खतावणी." खरंच की! किर्दीत माल येईल तसा लिहायचा, मग ज्याच्या त्याच्या पानावर चढवायचा. पान नसलं तर नवं उघडायचं, तेच काम डिफॉल्टडिक्ट (पायथनमधलीच एक खास डिक्शनरी) करतो. (फक्त नसलेलं डिझाइन चौकोनी कंसात नुसतं विचारलं तरी तो कोरं पान उघडून ठेवतो. बघण्यापुरतं गेटच वापरायचं, ते नवं पान उघडत नाही.) आणि खतावणीत नवी नोंद जुनीच्या खाली येते, जुनी खोडून नाही. म्हणून आता तळाशी बेरीज न ठेवता नोंदींची यादी ठेवली आहे. बेरीज केव्हाही काढता येते, पण १२५ वरून ४०, २५, ६० परत मिळत नाहीत. कुठल्या खेपेला नग कमी भरले, हे मामांना महिन्यानंतरही लागतं.

निघताना मामांनी विचारलं, "मोराची कुणाकुणाकडनं आली, ते एकदम सांग की." माझ्या मांडणीत त्यासाठी प्रत्येक कारखाना उघडून बघावा लागतो. गिऱ्हाईक दिवसभर डिझाइनच विचारतं, कारखाना कोण विचारतो? मामा दिवसभर काय शोधतात, ते आधी विचारायला हवं होतं.

उद्या गोदाम उघडायच्या आत डिझाइन बाहेर, कारखाना आत.