ड्रॉइंगचे सर आणि मसाईचं पठार

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगताचं पत्र आलं. 'आपले संशोधन व मिळालेला पुरस्कार यांविषयी लिहावे' असं त्यात होतं. लिहायला बसले आणि मनात आले ते ड्रॉइंगचे सर. आपल्या शाळेला सगळ्याच शिक्षकांनी भरभरून दिलं, पण मी आज जी काही आहे ती सरांमुळे, आणि हा लेख त्यांचाच होणार.

मी वनस्पतींच्या वर्गीकरणाचं काम करते. सह्याद्रीतल्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कंदीलपुष्पं हा माझा आयुष्यभराचा विषय, आणि पुरस्कारही त्याच कामाला मिळाला. या विषयाकडे कशा वळलात, असं सत्काराला हमखास विचारतात. चित्रकलेच्या तासाला, असं मी सांगते. ऐकणाऱ्यांना तो विनय वाटतो. पण आपल्या शाळेतल्या माणसांना ते लगेच पटेल.

आम्ही चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार होतो, त्या वर्षीची गोष्ट. गौरी-गणपती नुकतेच झाले होते. रविवारी सर आम्हां मुलींना एस.टी.नं पन्हाळ्याला आणि तिथून चालत मसाईच्या पठारावर घेऊन गेले. डब्यात भाकरी-खर्डा, खांद्याला चित्रकलेच्या वह्या. पठारावर धुकं इतकं, की पुढची मैत्रीण दिसेना. एका ठिकाणी सर थांबले आणि आम्हांला ओल्या कातळावर चक्क पालथं झोपायला लावलं. समोर गवतात वीतभर उंचीचं रोप होतं. त्याला एकच फूल. खाली फुगीर, वर निमुळती नळी, तिच्या तोंडाशी पाच पाकळ्या आणि त्यांची टोकं वर एकमेकींना जुळलेली.

"सर, नाव काय ह्याचं?" कुणीतरी विचारलं.

"नाव मागनं सांगतो. आधी बघ की नीट!"

चित्र काढून होईतो त्यांनी नाव सांगितलं नाही, आणि फुलाला कुणाला हातही लावू दिला नाही. मग शेजारी गळून पडलेलं एक फूल उचललं आणि पेन्सिल तासायच्या ब्लेडनं ते उभं चिरलं. नळीच्या आत बारीक केस होते, सगळ्यांची टोकं खालच्या दिशेला. तळाशी एक चिलट अडकलं होतं, ते उडून गेलं. "केस कुठल्या बाजूला वळलेत ते चित्रात दिसलं पाहिजे," सर म्हणाले. असे का वळलेत, असं मी विचारलं. "ते मला ठाऊक नाही. तू शोधून काढ."

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करताना उत्तर सापडलं. वासाला भुलून चिलट नळीत शिरतं. केस खाली वळलेले, त्यामुळे आत घसरणं सोपं, वर येणं अवघड. तळाशी धडपडताना परागांची इवलीशी पिशवी त्याच्या तोंडाला चिकटते. कंदीलपुष्प रुईच्या कुळातलं, म्हणून परागांची धूळ होत नाही, पिशव्याच असतात. काही काळानं केस सुकतात, वाट मोकळी होते आणि चिलट ती पिशवी घेऊन पुढच्या फुलात जातं. ते वाचलं त्या दिवशी मी विद्यापीठातून थेट सरांच्या घरी गेले होते. सरांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

नवी जात जाहीर करताना आजही फोटोंच्या जोडीला रेषाचित्र छापतात. फोटोत सगळंच येतं. चित्र काढणाऱ्याला मात्र कुठला अवयव महत्त्वाचा ते ठरवावं लागतं, आणि ठरवण्यासाठी तासन् तास पाहावं लागतं. माझ्या निबंधांतली चित्रं मी स्वतः काढली. त्यांचं कौतुक होतं तेव्हा मला सरांचा आवाज ऐकू येतो.

कोल्हापूरच्या मोठ्या माणसांचा सरांना फार अभिमान. आबालाल रहिमान जे.जे.त शिकले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले आणि शेवटी कोटीतीर्थाच्या काठी राहिले, हे त्यांनी आम्हांला त्या काठावर उभं करून सांगितलं. खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा सरांनी वर्गात पेढे वाटले. "हा माणूस 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत मास्तर होता, विसरू नका," म्हणाले. नारळीकरांचा जन्म 1938 साली आपल्या कोल्हापुरातला, हेही मला पहिल्यांदा सरांकडूनच कळलं. स्वतः सरांना मात्र कुठलाच पुरस्कार मिळाला नाही. ही गोष्ट मला आजही खुपते.

आता मसाईवर गेलं की जीव कळवळतो. सड्यावर माती ती किती, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. त्या मातीत कंदीलपुष्पाचा कंद उन्हाळाभर दबून राहतो, आणि ऐन फुलायच्या दिवसांत त्याच्यावरून गाड्या जातात. इकडे कितीतरी शाळांत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा भरलीच जात नाही. ही दोन्ही नुकसानं मला एकच वाटतात.

आपल्या शाळेनं तरी हा तास मोडू नये, अशी मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती. यंदा गौरी-गणपती झाले की नववीच्या मुलामुलींना मसाईवर पाठवा. मी येते. भिंगं मी आणीन, एस.टी.चं भाडंही माझ्याकडे. मुलांनी फक्त वह्या आणि तासलेल्या पेन्सिली आणाव्यात.