सुकलेल्या सिगारी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

मेव्हण्याने दुबईहून आणलेली सिगारींची पेटी आमच्या लोखंडी कपाटात दोन वर्षं पडून होती. पुण्याचे दोन उन्हाळे तिने तिथेच काढले. यंदा मार्चमध्ये बाहेर काढली तेव्हा १७ नग शिल्लक होते. कानाशी धरून हलकेच दाबलं की कुरकुर आवाज यायचा. एक पेटवून पाहिली, तर भसाभस जळाली आणि घशाला चटका बसला.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलं, "ओल्या फडक्यात गुंडाळा साहेब, मी पानं ठेवतो तशी." एका नगावर करून बघितलं. दुसऱ्या दिवशी वरचं पान उभं तडकलेलं! एकदम ओल मिळाली की आतली तंबाखू फुगते आणि वरचं पातळ, ठिसूळ पान तिच्याबरोबर ताणलं जात नाही. कुणी बटाट्याची फोड ठेवा म्हणतं, कुणी सफरचंदाची. त्यातून बुरशी तेवढी पदरात पडते.

मग जरा अभ्यास केला. आधी आर्द्रता मोजायचा छोटा हायग्रोमीटर आणला आणि तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चिखल होईल इतपतच पाणी, आणि ते झाकण व हायग्रोमीटर मिळून हवाबंद डब्यात रात्रभर. मिठाच्या अशा लगद्यावर हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा काटा ७० दाखवत होता. म्हणजे पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे.

घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात पेटी ठेवली, तिचं झाकण किलकिलं, शेजारी ६२ टक्क्यांची आर्द्रतेची पुडी. ही पुडी ओल देते तशी जास्तीची शोषूनही घेते. लोक थेट ६९ ची टाकतात, मी तडकलेली सिगार बघून शहाणा झालो होतो. दर रविवारी नग फिरवायचे आणि सगळे मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे. हे वजन करणं माझं स्वतःचं डोकं, आणि सगळ्यात उपयोगी तेच पडलं. १५ नग सुरुवातीला १४८ ग्रॅम भरले. चार आठवड्यांत १५७, मग दोन रविवार तेवढंच. तेव्हा ६५ ची पुडी टाकली. पुढे १६० वर काटा थांबला, मीही थांबलो.

खरी धाकधूक उकाड्याची होती. पारा २४-२५ च्या वर गेला की तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबू शकतात, आणि आमच्याकडे माठाच्या तिवईखालीसुद्धा मे महिन्यात २८ च्या खाली येईना. फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवली की अंडी मरतात. पण आई म्हणाली, "माझ्या मटारांशेजारी तुझे चिरूट नकोत." शेवटी रोज टॉर्च मारून पानांवर टाचणीएवढी भोकं शोधत बसलो. सुदैवाने सापडली नाहीत.

जूनच्या अखेरीस मेव्हण्याबरोबर एक पेटवली. सरळ जळली, चटका नाही, राखही चांगली धरली. वास मात्र फिका. पाणी परत आलं, उडून गेलेली तेलं कुठून येणार? शिवाय कपाटातल्या डांबरगोळ्यांचा दर्प मागे होताच. मेव्हणा दोन झुरके घेऊन म्हणाला, "दाजी, हिला साड्यांचा वास येतोय." उरलेले १४ नग अजून डब्यातच आहेत.