७१३ अक्षरं आणि एका पोराची साक्ष

परवा आमच्या विभागात मेझुझा, म्हणजे यहुदी लोक दाराच्या चौकटीवर लावतात ती पवित्र वचनांची गुंडाळी, तपासणारा माणूस आला. इथे इस्रायलमधल्या बीरशेबात प्रयोगशाळेच्या दारांवरही मेझुझा असतात, त्याची सवय झाली होती. त्यांची तपासणी होते हे मात्र नवीन. शिडी, स्क्रूड्रायव्हर आणि भिंग घेऊन गृहस्थ दारोदार फिरत होते. आत शिरताना उजव्या हाताला येणाऱ्या चौकटीवरची नळी काढायची, आतली गुंडाळी उलगडायची, अक्षर न् अक्षर वाचायचं. स्वच्छतागृहाला मेझुझा नसते, तेवढाच काय तो त्यांना विसावा. घरच्या मेझुझा सात वर्षांतून दोनदा तपासायच्या, सार्वजनिक जागेच्या पन्नास वर्षांतून दोनदा तपासल्या तरी चालतं; पण इथल्या उन्हात शाई तडकते, म्हणून लवकर.

जेरुसलेमच्या बाजारातून आपली मंडळी नक्षीदार नळी घेऊन जातात ना, ती नुसती डबी. खरी मेझुझा म्हणजे आतलं चर्मपत्र. त्यावर तोरातल्या, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथातल्या, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले दोन उतारे, २२ ओळी, ७१३ अक्षरं, प्रशिक्षित लेखकाने काळ्या शाईने हाताने लिहिलेली. ‘ही वचनं तुझ्या घराच्या दारांवर लिही’ ही आज्ञासुद्धा त्याच मजकुरात आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या मेझुझा सापडल्या आहेत. मेझुझा काही दारांवर तिरकी का असते, तर अकराव्या शतकातले राशी नावाचे धर्मपंडित म्हणाले उभी लावा, आणि त्यांचे नातू रब्बेनू ताम म्हणाले आडवी. आजोबा-नातवाच्या वादात अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या यहुदी लोकांनी मधला मार्ग काढला. पुण्यात हा वाद अजून चालू असता.

मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. एक अक्षर तुटलं की अख्खं चर्मपत्र बाद. बरं, राहिलेलं अक्षर मागाहून भरताही येत नाही, कारण मेझुझातली अक्षरं क्रमानेच लिहिलेली असावी लागतात. तोराच्या गुंडाळीत अशी दुरुस्ती चालते, इथे नाही. हल्ली संगणकावर स्कॅन करून गळलेली-वाढलेली अक्षरं शोधतात, पण शाईची बारीक चीर शेवटी डोळ्यालाच दिसते. आणि अक्षर धड हे की ते, कळतच नसेल तर? एखादं लहान पोर बोलावतात. त्याला अक्षरं ओळखता यायला हवीत, पण मजकूर कळता कामा नये. फार हुशार नको आणि मंदही नको. हुशार पोर मागचापुढचा संदर्भ लावून ठोकून देईल! पोराने अक्षर बरोबर वाचलं तर पास. आम्ही आमच्या नमुन्यांवर लेबलं झाकून निरीक्षणं घेतो आणि त्याला मोठी शास्त्रीय पद्धत म्हणतो. या लोकांनी ती दारावरच्या चिठोऱ्यासाठी केव्हाच वापरली.

आणि आपण? दसऱ्याचं तोरण सुकून पाचोळा झालं तरी पुढच्या दसऱ्यापर्यंत लटकतं, आता तर प्लास्टिकचंच आलंय. अर्थात आपला देव एका अक्षरावरून दार नाकारत नाही, हेही खरं. मी हे इथल्या सहकाऱ्याला ऐकवलंसुद्धा. तो म्हणाला, आमचाही नाकारत नाही, तपासतो फक्त.

तपासण्याचं मात्र मला एवढं कौतुक वाटायला नको होतं, कारण आमच्या खालच्या मजल्यावर अलिबागकडच्या बेने इस्रायल आजी राहतात. कोकणात पिढ्यान् पिढ्या शनवार पाळून तेल गाळणारी ही माणसं इथे आली, तेव्हा धर्मपीठाने लग्नासाठी त्यांच्या आज्या-पणज्यांची चौकशी लावली: खरे यहुदी की नाहीत? लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत, तेव्हा कुठे धर्मपीठ मागे सरलं. अक्षराला निदान एका पोराची साक्ष पुरते.

हे सगळं मी तावातावाने आजींना सांगितलं. वाटलं, त्याही चिडतील. त्या पुरणाच्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, “माणसाची तपासणी वायली, कागदाची वायली. कागद तपासायलाच हवा गो. आमची मेझुझा उभीच असते, ती तिरकी करायला आले तर बघेन मी त्यांना.” मग आमच्या विभागात आलेल्या त्या गृहस्थांचा नंबर मागितला. घरात चार दारं, चारांचे मिळून किती घेतील, हे मीच फोन करून विचारायचं होतं. त्यांच्या मते माझं हिब्रू वाईट असल्याने ते गृहस्थ भाव कमी सांगतील.