मागच्या चाकाची हवा

मुंबईच्या रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांशी मोजक्या कारणांसाठीच बोलतात. बोलतात कसली, ओरडतात. "ओ, साइड स्टँड!" "ताई, ओढणी!" आणि तिसरं म्हणजे "काका, मागे हवा नाहीये!" एवढं बोलून तो माणूस सिग्नल सुटायच्या आत गर्दीत विरघळून जातो. त्याला आभार नको असतात. एरवी लोकलमध्ये चौथी सीट देताना कपाळाला आठ्या घालणारं हे शहर त्या तीन शब्दांपुरतं मात्र अगदी घरच्यासारखं वागतं.

मला हा निरोप भांडुपला एलबीएस मार्गावर मिळाला. काचेवर टकटक झाली. पाठीवर भलीमोठी पेटी घेतलेला डिलिव्हरीवाला पोरगा बोटाने मागचं चाक दाखवत होता. मी मान हलवली आणि निघालो. कारण 'साहब, पंक्चर है' म्हणणारे आणि जवळच्याच दुकानात नेऊन एका टायरला चार भोकं काढून दाखवणारे महाभागही मी ऐकून आहे. थोडं पुढे एका रिक्षावाल्याने तेच सांगितलं. मी तरीही चालवतोय. शेवटी बेस्टच्या ड्रायव्हरने आपल्या उंच सीटवरून वाकून खूण केली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बेस्टचा ड्रायव्हर काही पंक्चरच्या दुकानाचा भागीदार नसणार. गाडी बाजूला घेतली. मागचं डावं चाक रिमपर्यंत बसायचंच बाकी होतं.

गंमत म्हणजे मला आत काहीही कळलं नव्हतं. एसी चालू, गाणी चालू, स्टिअरिंग लोण्यासारखं. पुढचं चाक बसलं तर गाडी एका बाजूला ओढते, हाताला कळतं. मागचं बसलं तर ते आधी मागच्यालाच दिसतं.

आमचे वडील स्कूटरच्या चाकाला अंगठ्याने दाबून हवा सांगायचे. ट्रकचे क्लीनर आजही ढाब्यावर उतरले की लोखंडी टॉमीने एकेक टायर ठोकत जातात आणि आवाजावरून ओळखतात. खणखणीत वाजला तर ठीक, 'भद्द' वाजला तर हवा गेली. मी हल्ली गाडीला लाथ मारून बघतो, पण त्यातून लाथेपलीकडे काही निष्पन्न होत नाही. आताचे रेडियल टायर हवा पुरेशी असतानाही खाली थोडे फुगीरच दिसतात. 33 आणि 26 मधला फरक नजरेला कळत नाही. त्यासाठी हवेचा दाब मोजणारं गेजच हवं.

ते गेज मला दिलं माझ्या आतेभावाने. तो अमेरिकेत असतो. निवृत्त झाल्यावर त्याने तिथे ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे आपल्या वन-आरकेएवढं चाकांवरचं घर, पिकअप ट्रकच्या मागे अडकवून न्यायचं. आत ओटा, पलंग, संडास, सगळं. आत्याला पहिल्यांदा फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून बिऱ्हाड पाठीवरच घेतलंस की रे!" तर हा माणूस रोज पहाटे, ऊन यायच्या आधी, ट्रेलरच्या चारही चाकांपाशी उकिडवा बसतो आणि हवा मोजतो. व्हिडिओ कॉलवर मी त्याला खूप चिडवलं. मग त्याने मला अर्धा तास बसवून जे सांगितलं, ते ऐकल्यावर चिडवणं थांबवलं.

ट्रेलरची अडचण अशी, की त्यात कुणी बसलेलं नसतं. चाक बसलं तर कुल्ल्याला हिसका बसायला तिथे कुल्लाच नाही. पुढचा दांडगा ट्रक त्याला निमूटपणे ओढत राहतो. प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं असतात, त्यातल्या एकाची हवा गेली की त्याचं ओझं शेजारचं चाक गुपचूप उचलतं, आणि काही मैलांनी तेही जातं. हवा कमी झाली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते. वाकून वाकून तापते आणि तापून फुटते. फुटलेल्या टायरचा पट्टा चाबकासारखा फिरतो आणि वरचा पत्रा, वायरी, हाताला लागेल ते फाडत सुटतो. आतेभावाचा एक टायर असाच गेला. त्याला सांगितलं कुणी? शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने, दिवे मारून. मला बेस्टचा ड्रायव्हर आठवला.

आता त्याने वॉल्व्हच्या टोपणाच्या जागी सेन्सर बसवलेत. प्रत्येक चाकाची हवा आणि तापमान पुढे ड्रायव्हरसमोर पडद्यावर दिसतं. तरी पहाटेचं उकिडवं बसणं त्याने सोडलेलं नाही.

त्या टायरांवर 'एसटी' असं लिहिलेलं असतं. स्पेशल ट्रेलर. मला मात्र लाल डबा आठवून हसू आवरेना. हवा किती? तर 65 पीएसआय. आपल्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. (पीएसआय म्हटलं की आमच्या हिला फौजदारच आठवतो. "65 फौजदार कशाला लागतात त्याला?" हा तिचा प्रश्न. पाउंड प्रति चौरस इंच असं उत्तर दिल्यावर "मग तसं म्हणा की," असं म्हणून ती उठून गेली.) त्याच्या टायरवर जो कमाल आकडा कोरलेला असतो, बहुधा तेवढीच हवा तो भरतो, कारण ट्रेलरच्या पाटीवरही बहुतेक वेळा तोच आकडा असतो. आपल्या मोटारीचं तसं नाही. टायरवर कोरलेला आकडा ही सहनशक्तीची हद्द आहे, रोजचा खुराक नव्हे. खुराक लिहिलेला असतो ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावरच्या स्टिकरवर. माझ्या गाडीवर तो स्टिकर अकरा वर्षं होता आणि मी तो सर्व्हिसिंगवाल्यांची जाहिरात समजत होतो. त्यावर दोन ओळी आहेत, कमी माणसं असतानाची आणि गाडी गच्च भरल्यावरची. गणपतीला गावी निघताना पाच माणसं, मखर, मोदकाचं सारण आणि आईची गादी असा संसार भरला की दुसरी ओळ लागू होते, आणि मागच्या चाकांना हवा जास्त लागते.

पण खरी मेख आहे ती 'थंड' या शब्दात. तो आकडा थंड टायरचा. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे, किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली. आता मुलुंडमध्ये पेट्रोल पंपापर्यंत जायचं म्हणजे दोन सिग्नल, एक मेट्रोचं काम आणि एक चुकलेला यू-टर्न. तोवर टायर कोमट होणारच. तरी तिथल्या मशीनवरचं फुकट 'टुं टुं टुं' ऐकायला मला आवडतं.

एकदा एक्स्प्रेसवेवरून पुण्याला जाताना वाटेत पंपावर थांबलो. भर दुपार, टायरला हात लावता येत नव्हता. हवेवाल्या पोराने नळी लावली आणि म्हणाला, "साहब, छत्तीस है, निकाल दूँ?" मी मोठ्या मनाने म्हटलं, "निकाल दे." त्याने बत्तीसवर आणली, मी दहा रुपये दिले आणि आपण फार जबाबदार नागरिक आहोत अशा थाटात घाट चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात मोजली तर 28. तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब चढतोच, ती जास्तीची हवा नव्हे, ती उन्हाची आणि धावण्याची सूज. ती काढायची नसते. आतेभाऊ पहाटे का उठतो ते मला त्या दिवशी कळलं. नुसती उन्हाकडच्या बाजूची चाकं सावलीतल्यांपेक्षा जास्त आकडा दाखवतात म्हणे.

उलटंही होतं. डिसेंबरात महाबळेश्वरला सकाळी गेज लावलं, तर मुंबईत 33 भरलेल्या चाकांत 30. चोरी झाल्यासारखं वाटलं. तापमान पाच-सहा अंश उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, हा हिशेब तिथेच गारठलेल्या बोटांनी केला. माणसं हवापालटाला जातात तेव्हा टायरचाही होतो. मधे एका दुकानात माझ्या गळ्यात नायट्रोजन मारला होता, पैसे घेऊन. फुकटच्या हवेतही 78 टक्के तोच असतो हे मला शाळेत शिकवलं होतं, पण दुकानात उभं राहिल्यावर शाळा आठवत नाही.

आणि स्टेपनी! हा आपला शब्द अगदी मराठी असल्यासारखा वाटतो, पण आहे वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. 1904 मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी टायरसकट एक रिम काढली, फुटलेल्या चाकाला बाजूने घट्ट बसवायची. इंग्रज तो शब्द जवळपास विसरले, आपण मात्र जपलाय. शब्दच जपलाय. माझी स्टेपनी मी त्या भांडुपच्या दिवशी बाहेर काढली, तेव्हा डिकीतल्या चादरीखाली पडून पडून ती त्या बसलेल्या चाकापेक्षाही जास्त बसलेली होती. तिच्यात शेवटची हवा कधी भरली होती, हे शोरूमलाच विचारावं लागलं असतं.

हल्ली महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, चहाच्या आधी मी सोसायटीच्या आवारात खाली उकिडवा बसतो. चार चाकं आणि डिकीतलं पाचवं. वॉचमनला पहिले दोन महिने वाटत होतं की माझं काहीतरी हरवलंय. आतेभावाला आकडे पाठवतो, तो अंगठा पाठवतो.

मागच्या आठवड्यात ऐरोलीच्या सिग्नलला पुढे एक चकचकीत पांढरी गाडी उभी होती. मागचं उजवं चाक पार लोळलेलं. मी मोठ्या उत्साहाने शेजारी गाडी घातली, काच खाली केली आणि ओरडलो, "साहेब, मागे हवा नाहीये!" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग आजूबाजूला पंक्चरचं दुकान कुठे आहे ते पाहिलं, आणि काच वर केली.

पुढच्या सिग्नलला एक टेम्पोवाला त्याची काच वाजवत होता.