चित्त्याला जेवायची घाई असते

आई फेब्रुवारीत नैरोबीला आली तेव्हा तिला फक्त सिंह बघायचा होता. मसाई मारात पहिल्याच संध्याकाळी तो दिसला, तोही एक नाही, सात. सगळे झाडाखाली पोटं वर करून झोपलेले. सिंह दिवसाचे वीस-वीस तास असा पडून काढतो, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. "लग्नाच्या पंगतीनंतर मांडवात असेच लोळतात सगळे," एवढं बोलून तिने कॅमेरा पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेट उघडताच आम्ही आत. मारा विषुववृत्ताच्या जवळ असलं तरी दीड हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे आई स्वेटर, कानटोपी घालून बसलेली. आमचा ड्रायव्हर-गाइड मसाई जमातीचा. तो आईला अदबीने 'मामा' म्हणत होता. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, पण कोल्हापूरच्या बाईला कोणी दिवसभर मामा म्हटल्यावर काय होणार! "अगं, याला सांग, माझे भाऊ मामा आहेत, मी नाही."

त्याने चित्ता शोधलाच नाही. वारुळावर उभ्या असलेल्या चार हरणांकडे ('टोपी' हे त्यांच्या जातीचं नाव) बघत राहिला. चारही एकाच दिशेला टक लावून होती. "दुमा," तो म्हणाला. चित्ता.

गवतात एक मादी होती, मागे तीन बछडे. मग आम्ही थांबलो. अडीच तास. टीव्हीवर हे अडीच तास कोणी दाखवत नाही, आणि बरोबरच आहे म्हणा. मध्ये एकदा ती उठून टॉमींच्या (थॉमसन गॅझेल, इथे सगळे टॉमीच म्हणतात) कळपाकडे निघाली. एकाने पाहिलं, चारही पाय ताठ करून तो जागच्या जागी उडाला, म्हणजे 'दिसलीस बरं का'. तिने लगेच मान फिरवली, जणू ती दुसऱ्याच कामाला निघाली होती.

त्या वेळात आईने तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली. संस्थानी काळात कोल्हापुरात पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. आजोबांनी लहानपणी गाडीवर बसलेला, डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता पाहिला होता. आपल्याकडचे चित्ते कमी झाले तेव्हा संस्थानं ते आफ्रिकेतून मागवायची. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये नामिबियाहून आठ कुनोला आले, तेही विमानाने. "म्हणजे आजोबांनी पाहिलेला इकडचाच असेल," आई म्हणाली. असेलही.

खरी धाव मला नीट दिसलीच नाही. धूळ, एक झपकन वळण, शेपटी हवेत, आणि दोघं ओघळीत गडप. फार तर पंधरा सेकंद. आम्ही गाडी पुढे घेतली तेव्हा तिने टॉमीचा गळा धरला होता. रक्त नाही, गुरगुर नाही. चित्त्याचा जबडा लहान, तो मान मोडत नाही, श्वास कोंडतो. मागचे पाय बराच वेळ झाडत होते. आईने माझं मनगट दाबून धरलं होतं, पण नजर काढली नाही.

टॉमी मेल्यावरही ती जेवली नाही. बसून धापा टाकत राहिली. मग तिने आवाज दिला, आणि तो चक्क पाखराचा होता, बारीक चिवचिव. चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही. बछडे गवतातून धावत आले.

गाइड मात्र आभाळाकडे बघत होता. "पहिलं गिधाड उतरलं की तरसाला निरोप गेला." तिलाही ते ठाऊक असावं. मांडीपासून सुरुवात केली. एक घास, मान वर. एक घास, मान वर. ओलं कापड फाडल्यासारखा आवाज. तोवर वायरलेसवर बातमी फिरली होती. नियमाने एका प्राण्याभोवती पाचच गाड्या हव्यात, मी अकरा मोजल्या, आमची धरून. एक गाडी नेमकी ती जिकडे मान वर करून बघत होती तिकडेच उभी राहिली.

आणि तिकडूनच तरस आलं. एकटंच, दुडक्या चालीने. ती उठली आणि बाजूला झाली. झटापट नाही, काही नाही.

"अगं, एकटं तर आहे ते! तीन पोरं आहेत तिला!" आई जवळजवळ ओरडलीच.

मी भाषांतर केलं. गाइड म्हणाला, "पाय दुखावला तर उद्याची शिकार गेली, मामा. मग पोरंही गेली."

तरसाने हाडं फोडली तो आवाज आमच्यापर्यंत येत होता, गुडघ्यावर ऊस मोडावा तसा. हाडंही पचवतं, म्हणून त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते. स्वाहिलीत त्याला 'फिसी' म्हणतात आणि हावरट माणसालाही. आईने तो शब्द लगेच पाठ केला.

गाड्या पांगल्या. मादी दूरच्या वारुळावर जाऊन बसली. एका बछड्याचं तोंड लाल होतं, बाकी दोघांना फारसं मिळालं नसावं. नाश्त्यासाठी लॉजवर परतायची वेळ झाली होती.

"आज परत धरेल का?" आईने थेट त्यालाच मराठीत विचारलं. बोटाकडे बघून त्याला कळलं.

"लाब्दा, मामा." कदाचित.

आईने पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला, पहिलं त्याच्या हातावर ठेवलं आणि मला म्हणाली, "त्याला सांग, गाडी बंद कर."