शोच्या टेबलावर पिंजरा दिसायलाच नको

फॅन्सी माईस म्हणजे हौसेने पाळलेले, रंग आणि बांधा बघून पिढ्यानपिढ्या निवडत आणलेले उंदीर. इथे इंग्लंडमध्ये त्यांचे रीतसर शो भरतात. नॅशनल माउस क्लब १८९५ पासून आहे, आणि वॉल्टर मॅक्सी हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, म्हणून शोच्या पिंजऱ्यालाही सगळे मॅक्सीच म्हणतात. छोटी लाकडी पेटी, तारेचे गज, बाहेरून गडद हिरवी, आतून लालभडक. टेबलावर ओळीने लावले की सगळे अगदी सारखे दिसतात, आणि तसेच दिसले पाहिजेत, कारण जजला समजताच कामा नये की हा उंदीर कुणाच्या घरचा. वर फक्त नंबराची चिठ्ठी.

नवीन लोक मला नेहमी विचारतात, थोडा मोठा केला तर, काचेचा केला तर, जरा नक्षी काढली तर? नाही. तुमचं सगळं कौशल्य पिंजरा इतरांसारखा होण्यात घालवायचं. क्लबच्या जुन्या मेंबरकडून एक चांगला मॅक्सी उसना आणा आणि त्यावरून मापं घ्या, फोटोवरून अंदाजाने नको. आणि विकत घ्यायचा असेल तर जुना पण सरळ बसलेला घ्या, रंग पुन्हा देता येतो, वाकडी पेटी सरळ होत नाही.

मी प्लायवूड वापरते, सहा मिलीमीटरचं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, स्वस्त पडतं पण उंदराच्या मुतानं फुगतं आणि वास धरून बसतं, मग कितीही घासा. कापताना एका पिंजऱ्याचे तुकडे कापून जोडायचे आणि मग दुसरा घ्यायचा असं करू नका, सगळ्या बाजू एकदम, सगळे तळ एकदम, करवतीची सेटिंग न हलवता, म्हणजे पेट्या आपोआप सारख्या होतात. गजांसाठी वरची आणि खालची पट्टी शिकंज्यात एकत्र आवळून दोन्हीतून एकदमच भोकं पाडा, गज उभे राहतात, तिरके जात नाहीत. दोन गजांमधली फट पेन्सिलीने बघायची. पेन्सिल आरपार गेली तर लहान चणीची मादीही जाईल, कारण उंदराचं डोकं शिरलं की बाकीचं अंग मागोमाग येतंच. साधी पेन्सिल सात एक मिलीमीटर जाड असते, म्हणजे फट त्याहून कमी हवी.

आता दार. माझा सगळ्यात जास्त वेळ दारात जातो आणि जायलाच पाहिजे. शोच्या उंदराची शेपटी बुडाशी जाड आणि टोकाकडे चाबकासारखी निमुळती हवी, लांबी साधारण अंगाएवढी, आणि कुठेही गाठ किंवा वाकडेपणा नको, हे स्टँडर्डमध्येच, म्हणजे जज ज्यावरून उंदीर पारखतात त्या क्लबच्या वर्णनातच आहे. पण शो बाजूला ठेवा, दारात शेपटी चिमटली तर तिची कातडी मोज्यासारखी सोलून निघते, खरंच निघते, आणि ती परत येत नाही, बहुतेक वेळा पुढचं टोक वाळून गळतं. त्यामुळे दार बंद होताना कुठेच कात्रीसारखी फट राहता कामा नये. मी कडेवरून बोट फिरवून बघते, मग जुन्या बुटाची नाडी आत सोडून दार लावते, नाडी अडकून दबली तर कड परत घासायची. हात उंदरासकट सहज बाहेर यायला हवा, जजला घाई असते आणि एकामागून एक पिंजरे उघडायचे असतात. तारेची कापलेली टोकं कानशीने गोल करा, नाक तिथेच सगळ्यात आधी जातं.

कुरतडण्याचं म्हणाल तर सपाट फळीवर उंदराचे दात बसत नाहीत, कड मिळाली की बसतात. म्हणून आतल्या कडा दिसतील तिथे गोल करा नाहीतर झाकून टाका.

रंग लहान मुलांच्या खेळण्यांना चालतो तोच घ्यायचा, डब्यावर ईएन ७१-३ लिहिलेलं असतं. आणि लावून झाला की लगेच वापरायचा नाही, वास पूर्ण जाईपर्यंत उघडा ठेवायचा, कारण आतमध्ये तो चाटला जाणारच आहे. आतल्या लाल रंगाचं मला फार आवडतं ते म्हणजे त्यासमोर पांढरा उंदीर किंवा शॅम्पेन रंगाचा उंदीर काय उठून दिसतो! आणि उंदरांना लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही, प्रयोगशाळांमध्येही त्यांना लाल प्लास्टिकची घरं देतात, बाहेरून माणसाला आतलं दिसतं आणि उंदराला अंधार वाटतो. गुलाबी डोळ्यांच्या पांढऱ्यांना भगभगीत उजेड तसाही सोसत नाही, त्यांना आतून गडद वाटणारी ही लाल पेटी त्यांच्यासाठी बरीच.

आत धूळ काढलेला लाकडाचा भुसा आणि मूठभर चांगलं गवत, बस. सीडार नावाच्या वासाच्या लाकडाचा भुसा नको, त्याच्या वासाने श्वासाचा त्रास होतो. पाण्याची बाटली प्रवासात गळते आणि ओला उंदीर थंडीत लगेच आजारी पडतो, म्हणून काकडीची फोड ठेवायची. बीट अजिबात नको, पांढऱ्याच्या हनुवटीला रंग लागतो आणि तो टेबलावर जजला दिसतो.

एक मात्र अगदी मनापासून सांगते, मॅक्सी हे घर नाही. प्रवास आणि शोचे तेवढे तास, त्यानंतर उंदीर आपल्या मोठ्या पिंजऱ्यात, मादी असेल तर आपल्या जोडीदारणींमध्ये गेला पाहिजे. नर असेल तर तो एकटाच राहतो, दोन मोठे नर एकत्र ठेवले तर मारामारी ठरलेली. नर ठेवलेला मॅक्सी तर त्याच दिवशी धुवा, तो सगळीकडे मुतून खुणा करतो आणि पुढच्या वेळी त्यात ठेवलेला उंदीर तासभर फक्त वास घेत फिरतो, अंग आखडून बसतो, जजच्या हातावर नीट लांब होतच नाही. साध्या साबणाने धुवायचा, कोरडा पुसायचा, दार उघडं ठेवून वाळवायचा, आणि चिठ्ठीचा जुना डिंक खरवडून काढायचा, नाहीतर पुढच्या शोला नवीन नंबर वाकडा चिकटतो.