वेटसूटची नोंद: दुखतंय खांद्यात, चूक घोट्यापाशी

ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, घ्यायचा ठरवून दीड महिना झाला. एवढ्यात तीन सूट अंगावर चढवून पोहलो, त्याचा हा हिशोब. मी मुळात धावणारा माणूस. पाण्यात आडवा झालो की मांड्या खाली जातात आणि मी तिरका होऊन पाणी ढकलत राहतो. हे आधी सांगतोय, कारण सगळी निवड शेवटी इथेच येऊन थांबली.

पहिला सूट मित्राचा, डायव्हिंगचा. सगळीकडे सारखा जाड, बाहेरून कापडाचं अस्तर. ऊब छान मिळाली, पण दोनशे मीटरमध्येच हात मेले. फ्रीस्टाइलचा प्रत्येक हात पुढे टाकायचा म्हणजे आधी रबर ताणायचं, मग पाणी ओढायचं. डॅन एम्पफील्डने १९८७ मध्ये ‘क्विंटाना रू’ कंपनीतर्फे खास ट्रायथलॉनसाठी सूट आणला. त्याआधी जे लोक असल्या सूटमध्ये शर्यत पोहले असतील, त्यांना माझा नमस्कार.

दुसरा सूट ट्रायथलॉनचाच. उंची आणि वजनाच्या तक्त्यात मी दोन मापांच्या मधोमध येतो. साहजिकच मोठं माप घेऊन पाहिलं. पाच मिनिटांत चढला, तेव्हाच शंका यायला हवी होती. पाण्यात गेल्यावर कमरेच्या वरच्या खोलगट भागात पाण्याची पखालच झाली आणि मान वळवली की गळ्यातून थंडगार धार आत. आतलं पाणी अंगाच्या उबेने तापतं म्हणून वेटसूट गरम, असं सगळे सांगतात. खरं काम करतात निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या फेसाळ रबरातले, वायूचे बारीक बुडबुडे. आतलं पाणी फक्त जागेवर राहायला हवं. ते सारखं बदलत राहिलं तर अंग प्रत्येक वेळी नवं पाणी तापवत बसतं.

तिसरा, त्याच जातीचा पण एक माप लहान. चढवायला वीस मिनिटं आणि बराच घाम. जमिनीवर उभं राहून वाटलं, यात श्वास कसा घेणार? सहाशे मीटरला दोन्ही खांदे पेटले. परत करायच्या बेतात होतो. तेवढ्यात आमच्यातल्या एका जुन्या पोहणाऱ्या काकांनी खांद्याकडे बघितलंच नाही, खाली बघून म्हणाले, “अरे, जांघेत चार बोटं मोकळी आहेत तुझ्या. हात वर केलास की अख्खा सूट खाली ओढला जातोय.”

पुन्हा पहिल्यापासून घातला. पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पाय सरकवला, सूटची कड घोट्याच्या चांगली वर घेतली, मग सुती हातमोजे घालून बोटांच्या पेरांनी रबर चिमटीत धरत पोटरी, गुडघा, मांडी असं वर सरकवत नेलं. नखाने धरायचं नाही, चंद्रकोरीसारखी चीर पडते. जांघेत सूट चिकटून बसल्याशिवाय पोटाकडे जायचं नाही. बाह्याही मनगटाच्या वर घेऊन उरलेली सैल घडी खांद्यावर आणून ठेवायची. सूट तोच, माप तेच, आणि त्या दिवशी १५०० मीटर पोहून खांदे शाबूत. वेळ ३१:४०. सूटशिवाय मला ३४ मिनिटं लागतात.

ही दोन मिनिटं वीस सेकंद माझ्या पोहण्याची नाहीत, मांड्यांवरच्या रबराची आहेत. शर्यतीच्या नियमाने सूटची जाडी कुठेही ५ मिमीच्या वर चालत नाही. या सूटला ती पूर्ण जाडी मांड्या आणि नितंबांवर आहे, खांद्यावर जेमतेम दीड मिमी. माझ्यासारख्या बुडत्या पायांना हे वरदान. लहानपणापासून पूलमध्ये वाढलेली एक मैत्रीण मात्र याच सूटवर वैतागली. तिचे पाय आधीच वर असतात, टाचा पाण्याबाहेर येऊन किक हवेत जात होती. तिला पायांवर पातळ सूट हवा. त्यामुळे “सगळ्यात जास्त तरंगवणारा घे” हा सल्ला ऐकला की मी आता विचारतो, कोणाला?

बिनबाह्यांचा सूट वापरून पाहिला नाही. खांदे मोकळे राहतात हे खरं, पण काखेतून पाणी शिरतं आणि मला थंडी लवकर वाजते.

खरेदीआधी शर्यतीच्या पाण्याचं तापमान बघून ठेवा. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमात वयोगटाच्या (हौशी) स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात २२ अंशांच्या वर वेटसूट चालत नाही. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला ही मर्यादा २४.५ अंश आहे. माझ्या शर्यतीचं पाणी १८च्या आसपास असतं, म्हणून प्रश्न मिटला.

लहान मापावरच शिक्का मारला. छाती आवळल्यासारखं अजून वाटतं, पण कमी. पाण्यात उतरल्यावर गळा ओढून थोडं पाणी आत घेतो, कोपरापर्यंत दाबून हवा बाहेर काढतो, मग तोंड पाण्यात घालून नुसते बुडबुडे सोडतो. साधारण मिनिटभरात श्वास ताळ्यावर येतो.

आता अडलंय ते काढताना. कमरेपर्यंत पळता पळता उतरतो, पुढे टाचांपाशी अडकतो आणि मी एका पायावर नाचत असतो. पोटरीकडून दोन सेंटिमीटर कापायचा विचार आहे. कात्री घेऊन दोनदा बसलो, दोनदा उठलो.